एफसीएस, डिव्हिजन २, डिव्हिजन ३: प्लेऑफच्या तारखांचं सूत्र नेमकं कुठे चुकतंय?

शनिवारचा_हिशेब

मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या मोठ्या शाळांचं कॅलेंडर कुठेही मिळतं. मला एफसीएस, डिव्हिजन २ आणि डिव्हिजन ३ या त्याखालच्या तीन पातळ्यांचे प्लेऑफ (बाद फेऱ्या) एकाच स्प्रेडशीटमध्ये बसवायचे आहेत. नुसतं वर्ष टाकलं की फेऱ्यांच्या तारखा आपोआप याव्यात, एवढीच अपेक्षा. चार ठिकाणी गाडी अडली आहे.

१. एफसीएसच्या पहिल्या फेरीसाठी 'नोव्हेंबरचा चौथा शनिवार' असं सूत्र लावलं. २०२३ ला २५ नोव्हेंबर आलं, बरोबर. २०२४ आणि २०२५ ला मात्र उत्तर अख्खा आठवडा आधीचं येतंय.

२. डिव्हिजन २ डिसेंबरातच आटोपतं, मग त्याच दिवशी सुरू होणारं डिव्हिजन ३ जानेवारीत कसं जातं? २०२३ पर्यंत तसं नव्हतं.

३. क्रमवारी हाताशी असेल तर जोड्या आपोआप काढता येतील का? १ विरुद्ध २४, २ विरुद्ध २३ असं लावून पाहिलं, एकही जोडी जुळली नाही.

४. स्वॅक कॉन्फरन्सचा (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या शाळांचा गट) विजेता ब्रॅकेटमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या तक्त्यात, कधीच का दिसत नाही? आणि आयव्ही लीग (हार्वर्ड-येलची कॉन्फरन्स) २०२५ मध्ये अचानक कशी उगवली?

नियम माहीत असलेल्यांनी लिहावं. 'दरवर्षी बदलतं हो' हे उत्तर आधीच मिळालेलं आहे.

---

चौथा_डाउन

पहिला प्रश्न सर्वांत सोपा. शनिवार मोजू नका, थँक्सगिव्हिंग मोजा. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आणि एफसीएसची पहिली फेरी त्यानंतरच्या शनिवारी. म्हणजे चौथा गुरुवार अधिक दोन दिवस.

१ नोव्हेंबर शुक्रवारी किंवा शनिवारी आली की त्या महिन्यात पाच शनिवार पडतात, आणि पहिला शनिवार पहिल्या गुरुवारच्या आधीच येऊन जातो. मग चौथा शनिवार थँक्सगिव्हिंगच्या अलीकडे पडतो. २०२४ मध्ये १ तारीख शुक्रवार होती, २०२५ मध्ये शनिवार, म्हणून बरोबर हीच दोन वर्षं तुम्हाला फसवून गेली. 'नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार' लिहिलंत तरी चालेल. थँक्सगिव्हिंग २२ ते २८ मध्ये फिरतं, शेवटचा शनिवार २४ ते ३० मध्ये, दोघांत कायम दोन दिवसांचंच अंतर. २०२६ ला तुमचं जुनं सूत्रही बरोबर उत्तर देईल, त्यामुळे आत्ताच दुरुस्त करा. नाहीतर २०३० पर्यंत चूक लपून राहील.

याच पाच शनिवारांचं दुसरं टोकही बघून ठेवा. एफसीएस संघ एरवी ११ सामने खेळत, पण २०१३, २०१४, २०१९, २०२४ आणि २०२५ मध्ये १२ सामन्यांची मुभा होती. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आदल्या शनिवारपासून नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत त्या वर्षी १४ शनिवार बसत होते. त्यातला चौदावा शनिवार प्लेऑफचा. उरले १३, त्यात १२ सामने आणि एकच मोकळा आठवडा. अशा वर्षात सप्टेंबरमध्ये एखादा सामना वादळामुळे रद्द झाला तर तो बसवायला जागाच नसते. दोन्ही संघांचा मोकळा आठवडा एकाच शनिवारी असेल तर नशीब. मग एका संघाचे कॉन्फरन्समधले आठ सामने, दुसऱ्याचे सात, आणि विजेता ठरवायला टायब्रेकर (बरोबरी सोडवायचा नियम). शीटमध्ये 'खेळलेले सामने' असा वेगळा कॉलम ठेवा, सगळ्यांचे सारखे धरू नका.

आता तारखांचा पट. शेवटच्या नोव्हेंबर शनिवारला 'श' म्हणू.

एफसीएस: निवड 'श'च्या आदल्या रविवारी. पहिली फेरी श, दुसरी श+७, उपांत्यपूर्व श+१४ (यातला एखाददुसरा सामना आदल्या शुक्रवारी रात्री), उपांत्य श+२१. २०२५ मध्ये हे २९ नोव्हेंबर, ६ डिसेंबर, १२-१३ डिसेंबर, २० डिसेंबर असं होतं. अंतिम सामना ५ जानेवारी २०२६, नॅशव्हिलला.

डिव्हिजन २: पहिली फेरी श-७, तिथून पाच शनिवार सलग, अंतिम सामना श+२१. २०२५ मध्ये २२ नोव्हेंबर ते २० डिसेंबर. मध्ये कुठेही सुट्टी नाही, त्यामुळे तिघांत हेच सर्वांत सरळ.

डिव्हिजन ३: सुरुवात तीच, श-७. पण २०२४ पासून संघ ३२ चे ४० झाले. ३२ संघांना पाच फेऱ्या पुरतात, ४० ला सहा लागतात. पहिल्या फेरीत फक्त १६ संघ खेळतात, आठ सामने. बाकीच्या २४ संघांना पुढे चाल, म्हणजे न खेळता थेट दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीपासून जुनाच ३२ चा तक्ता. एक फेरी वाढल्यावर अंतिम सामना गणिताने श+२८ ला, म्हणजे २७-२८ डिसेंबरच्या आसपास पडतो. नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या त्या शनिवारी कॉलेजचा अंतिम सामना कोण ठेवणार? म्हणून तो जानेवारीत ढकलला. २०२३ चा स्टॅग बोल (डिव्हिजन ३ चा अंतिम सामना) १५ डिसेंबरला झाला होता, २०२४ च्या हंगामाचा ५ जानेवारी २०२५ ला आणि पुढचा ४ जानेवारी २०२६ ला.

एफसीएसबाबतीत हेच आधी घडून गेलं आहे. १६ संघ होते तेव्हा अंतिम सामना डिसेंबरात चॅटनूगाला होत असे. २०१० मध्ये २० संघ झाले, एक फेरी वाढली, आणि अंतिम सामना ७ जानेवारी २०११ ला टेक्सासातल्या फ्रिस्कोला गेला. २०१३ मध्ये २४ संघ झाले तेव्हा फेरी वाढली नाही, फक्त पुढे चाल मिळणारे कमी झाले. फेऱ्या संघांच्या आकड्यावर थेट वाढत नाहीत. १६ आणि ३२ चा उंबरठा ओलांडला की वाढतात. सूत्र लिहिताना लॉग दोनच्या पायावर घ्या आणि वरच्या पूर्णांकाला नेऊन ठेवा.

---

लाँगस्नॅपर

वरच्यात एकच भर. जानेवारीतल्या अंतिम सामन्याचं सूत्र लिहायच्या भानगडीत पडू नका, ती तारीख हातानेच भरा. २०२२ आणि २०२३ च्या हंगामांचे एफसीएस अंतिम सामने रविवारी झाले, ८ जानेवारी २०२३ आणि ७ जानेवारी २०२४. पुढचे दोन सोमवारी, ६ जानेवारी २०२५ आणि ५ जानेवारी २०२६. रविवारी एनएफएलच्या (व्यावसायिक लीग) नियमित हंगामाचा शेवटचा आठवडा सुरू असतो, त्याच्यासमोर कॉलेजचा सामना कोण बघणार? त्या आठवड्यात एनएफएलचा सोमवार रात्रीचा सामना नसतो, ती खिडकी रिकामी सापडते.

डिसेंबरमध्येही तीच ओढाताण. १९६१ च्या प्रसारण कायद्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत एनएफएल शनिवारच्या वाट्याला जात नाही. त्यानंतर कुंपण उघडतं. २०२४ पासून मोठ्या शाळांचा १२ संघांचा प्लेऑफही तिथेच येऊन बसला. २१ डिसेंबर २०२४ ला एफसीएसचे दोन्ही उपांत्य सामने आणि त्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीचे तीन सामने एकाच दिवशी होते. म्हणून वेळेच्या कॉलममध्ये आधीपासून आकडा टाकून ठेवू नका. तारीख नियमातून निघते, सुरुवातीची वेळ मात्र टीव्हीवाले रविवारी किंवा सोमवारी सांगतात.

---

बसमार्ग४००

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, क्रमवारीतून सगळ्या जोड्या निघणार नाहीत. आणि कारण खेळाचं नाही, बसभाड्याचं आहे.

एफसीएसमध्ये २४ संघ असले तरी मानांकन फक्त १६ जणांना (२०२३ पर्यंत तर आठच). पहिल्या आठांना पहिल्या फेरीत पुढे चाल. ९ ते १६ हे पहिल्या फेरीचे यजमान. उरलेल्या आठ संघांना क्रमांकच नसतो, तेव्हा '२४ वा संघ' ही तुमच्या शीटमधली कल्पना आहे, निवड समितीच्या कागदावर ती नाही. या आठांना ९ ते १६ कडे पाठवताना समिती नकाशा उघडते. ४०० मैलांच्या आत असेल तर संघ बसने जातो, त्यापुढे विमान. विमानाचा खर्च एनसीएए (कॉलेज खेळांची मुख्य संस्था) करते, म्हणून शक्य तितक्या जोड्या ४०० च्या आत बसवल्या जातात. आणखी एक अट: नियमित हंगामात एकमेकांशी खेळलेले एकाच कॉन्फरन्सचे संघ पहिल्या फेरीत समोरासमोर आणायचे नाहीत.

२०२५ मध्ये बघा. हार्वर्डला व्हिलानोव्हाकडे पाठवलं: बोस्टनपासून फिलाडेल्फियाच्या उपनगरापर्यंत, बसचा पल्ला. येलला यंग्सटाउन स्टेटकडे: न्यू हेवनहून ओहायो, ४०० च्या बाहेर. म्हणजे सगळंच जमतं असं नाही, पण पहिला प्रयत्न तोच असतो.

दुसऱ्या फेरीपासून तुमची शीट चालेल. १६ व्या मानांकनाच्या सामन्याचा विजेता १ कडे जातो, १५ चा २ कडे, याच क्रमाने. मधे पुन्हा मानांकन होत नाही. ९ वा घरी हरला तर त्याला हरवणारा बिनमानांकित संघ त्याच खणात ८ कडे जातो. त्यामुळे 'विजेता (१६)' असा खणाचा संदर्भ ठेवा, संघाचा नको.

डिव्हिजन २ ची रचना वेगळी. चार सुपर रीजन (भौगोलिक विभाग), २०२५ पासून प्रत्येकी आठ संघ (आधी सात होते, वरच्याला पुढे चाल). पहिल्या तीन फेऱ्या रीजनच्या आतच संपतात. मग चार विजेत्यांना उपांत्य फेरीसाठी नव्याने १ ते ४ क्रमांक देतात. शीटमध्ये इथे साखळी तोडावी लागेल; चार खण रिकामे ठेवून हाताने भरा.

डिव्हिजन ३ मध्ये नकाशाच राजा. संघ २०२४ पासून एनपीआय नावाच्या गणिती निर्देशांकाने निवडले जातात, पण ब्रॅकेट मांडताना विमानं किती कमी लागतील हे पाहिलं जातं. बसची हद्द इथे एफसीएसपेक्षा मोठी, वर्षानुवर्षे ५०० मैल होती. चालू आकडा त्या वर्षीच्या चॅम्पियनशिप मॅन्युअलमधूनच घ्या. मिडवेस्ट आणि ईशान्येत शाळा खेटून आहेत, तिथे सगळं सुरळीत. टेक्सास आणि पश्चिम किनारा ही कायमची डोकेदुखी. मेरी हार्डिन-बेलर आणि हार्डिन-सिमन्स हे एकाच कॉन्फरन्सचे दोन्ही दांडगे संघ पहिल्याच फेरीत एकमेकांवर आले आहेत, केवळ दोघंही टेक्सासात म्हणून. देशातल्या वरच्या संघांपैकी एक नोव्हेंबरातच घरी. अन्याय आहे का? माझ्या मते आहे. पण तिकीटविक्रीवर न चालणाऱ्या स्पर्धेत दर फेरीला दोन-चार चार्टर विमानं वाढवायची म्हटली तर तो पैसा दुसऱ्या कुठल्या तरी खेळाच्या स्पर्धेतून काढावा लागतो.

---

शनिवारचा_हिशेब

शेवटच्या शनिवारचं सूत्र लावलं, २०१३ ते २०१९ सगळं जुळलं. एक शंका राहिली: यजमान नक्की कधी ठरतो? वरचं मानांकन असलेल्याच्या घरी, इतकं सोपं आहे का? आणि दोन फेऱ्यांत एक आठवडा असताना इतकी तयारी होते तरी कशी?

---

लाँगस्नॅपर

इतकं सोपं नाही. वरच्या मानांकनाच्या शाळेनेही यजमानपदाची बोली आधी भरलेली असावी लागते. निवड जाहीर व्हायच्या आधीच, सगळ्या फेऱ्यांसाठी. बोलीत स्टेडियमची माहिती, अंदाजे तिकीटविक्री आणि एनसीएएला हमखास द्यायची किमान रक्कम असते. ही किमान रक्कम प्रत्येक फेरीला चढते. मानांकित संघाने किमान भरलं की काम झालं, समोरच्याने दुप्पट भरली तरी फरक पडत नाही. दोन्ही बिनमानांकित उरले तर मात्र बोलीतल्या रकमेला वजन येतं. शाळेने बोलीच भरली नसेल किंवा त्या दिवशी मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला दिलं असेल तर सामना समोरच्याकडे जातो. अंतर्गृह डोम असलेल्या शाळांनी हे विशेष जपायचं असतं, कारण काही डोम शहराच्या मालकीचे असतात आणि डिसेंबरात त्यांना इतर गिऱ्हाइकंही असतात. डिसेंबरचे तीनही शनिवार ऑगस्टमध्येच अडवून ठेवणं हा एकच उपाय. हरलात तर सोडून द्या.

आठवडा कसा जातो ते सांगतो, म्हणजे शीटमध्ये कोणती वेळ कधी 'पक्की' दाखवायची ते कळेल.

रविवार दुपार: ब्रॅकेट जाहीर (पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने). लगेच यजमान, पाहुणे, एनसीएएचा प्रतिनिधी आणि टीव्ही यांचा फोन. सुरुवातीची वेळ ठरते. पहिली फेरी असेल तर दोन्ही संघ सामन्यांच्या चित्रफिती एकमेकांना त्याच रात्री पाठवतात.

सोमवार: तिकीटविक्री. सीझन तिकिटात प्लेऑफ धरलेला नसतो. जुन्या तिकीटधारकांना आपली खुर्ची राखायला दीड-दोन दिवस मिळतात, मग सगळ्यांना खुली. इथेच पहिल्या फेरीचा घात होतो. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात वसतिगृहं रिकामी, मेस बंद, बँडमधली निम्मी पोरं गावी. विद्यार्थ्यांचा स्टँड ओस. तिकीट फाडणारे, पार्किंगवाले, पाण्याच्या बाटल्या भरणारे, हे सगळे एरवी विद्यार्थीच असतात. त्यांच्या जागी पगारी माणसं आणावी लागतात. खेळाडूंच्या जेवणाची वेगळी सोय करावी लागते ती निराळीच. पहिल्या आठातल्या पुढे चालीची खरी किंमत विश्रांतीइतकीच या तोट्यातून सुटण्यात आहे.

मंगळवार: विमान लागणार असेल तर ते पक्कं व्हायलाच हवं. फुटबॉलचा संघ, प्रशिक्षक आणि कर्मचारी धरून दीडशेच्या आसपास माणसं होतात, म्हणजे पूर्ण आकाराचं जेट. छोट्या गावच्या धावपट्टीवर ते उतरत नसेल तर जवळच्या मोठ्या विमानतळावरून दोन तास बस. बसने जाणारा संघ तीन-चार बसमध्ये शुक्रवारी सकाळी निघतो. ४०० मैल म्हणजे थांबे धरून सात-आठ तास, रात्री मैदानावर पायी फेरी आणि झोप.

बुधवार-गुरुवार: सामानाचा ट्रक विमानाच्या आधी रस्त्याने निघतो. हेल्मेट, पॅड, वैद्यकीय टेबलं, हेडसेटच्या पेट्या. उत्तरेकडे बर्फाचा अंदाज असेल तर हा ट्रक एक दिवस लवकर काढतात. संघ वेळेवर आणि पॅड महामार्गावर अडकलेले, असं होऊ द्यायचं नसतं.

उपांत्यपूर्व शुक्रवारी रात्री ठेवला की हे सगळं एका दिवसाने आखडतं आणि नेमक्या सत्र परीक्षा चालू असतात. पाहुण्या संघाची पोरं गुरुवारी हॉटेलच्या सभागृहात पेपर लिहितात, शाळेने पाठवलेला पर्यवेक्षक समोर बसलेला. त्याचा मोबदला पुढच्या आठवड्यात मिळतो. शुक्रवारी जिंकलेल्या संघाला उपांत्य सामन्याआधी आठ दिवस, शनिवारी जिंकलेल्याला सात. शीटमध्ये 'विश्रांतीचे दिवस' कॉलम असेल तर तो खऱ्या तारखेवरून काढा, सगळीकडे ७ भरू नका.

शनिवारी वीज चमकली तर शेवटच्या कडकडाटापासून ३० मिनिटं खेळ बंद, प्रत्येक नव्या कडकडाटाला घड्याळ पुन्हा शून्यावर. दुपारचा सामना असा लांबून अंधारात गेला आणि मैदानाला कायमचे दिवे नसतील तर पंचाईत. म्हणून बोलीच्या फॉर्मवर दिव्यांची माहिती भरावी लागते.

---

चौथा_डाउन

चौथा प्रश्न राहिला. तोही कॅलेंडरचाच आहे.

स्वॅकचा नियमित हंगाम थँक्सगिव्हिंगच्या शनिवारपर्यंत चालतो. त्या दिवशी न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये सदर्न आणि ग्रॅम्बलिंग यांचा बायू क्लासिक असतो, आणि पुढच्या शनिवारी कॉन्फरन्सचा अंतिम सामना. म्हणजे एफसीएसच्या पहिल्या दोन्ही फेऱ्या त्यांच्या स्वतःच्या मोठ्या दिवसांवर आदळतात. भरलेला सुपरडोम सोडून ४०० मैलांच्या बसप्रवासाला कोण जाईल? विजेता डिसेंबरच्या मध्यावर अटलांटाला सेलिब्रेशन बोलमध्ये मिॲक या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या विजेत्याशी खेळतो, २०१५ पासून. मिॲकचा हंगाम मात्र निवडीच्या आदल्या दिवशीच संपतो. त्यांचा विजेता अटलांटाला जातो, पण दुसऱ्या क्रमांकाचा संघ ॲट-लार्ज (थेट प्रवेश नसलेला, समितीने निवडलेला) म्हणून ब्रॅकेटमध्ये येऊ शकतो. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल तशीच आली होती. तुमच्या शीटमध्ये स्वॅकच्या विजेत्याला प्लेऑफमध्ये 'लागू नाही' आणि मिॲकला 'विजेता सोडून' असा शेरा लावा.

आयव्ही लीगची अडचण तारखांची कधीच नव्हती, धोरणाची होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ते बदललं. त्यांचे १० सामने सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतात आणि मोकळा आठवडा न घेता सलग चालतात: २०२५ मध्ये २० सप्टेंबर ते २२ नोव्हेंबर, बरोबर दहा शनिवार. निवड दुसऱ्या दिवशी. म्हणजे बसतं चपखल, पण एक सामना रद्द झाला तर तो पुन्हा घ्यायला एकही शनिवार नाही. शिवाय या लीगमध्ये विजेतेपद वाटून घ्यायची पद्धत आहे आणि थेट प्रवेश तर एकालाच द्यायचा, तेव्हा टायब्रेकर आला. २०२५ मध्ये येल आणि हार्वर्ड बरोबरीत होते. शेवटच्या शनिवारी येलने हार्वर्डला हरवलेलं, म्हणून थेट प्रवेश येलला आणि हार्वर्ड ॲट-लार्जमधून. एका आठवड्यानंतर येलने यंग्सटाउनला ४३-४२ ने घरी बसवलं. 'विजेता' आणि 'थेट प्रवेश' हे दोन वेगळे कॉलम ठेवा, आयव्हीत ते नेहमी एकच असतील असं नाही.

---

शनिवारचा_हिशेब

दोन्ही कॉलम वेगळे केले. 'श' एका सेलमध्ये ठेवून एफसीएस +०, +७, +१४, +२१ आणि बाकी दोघं -७ पासून असं लावलंय. जानेवारीच्या तारखा हाताने भरल्या. उपांत्यपूर्वला शुक्रवार-शनिवार असे दोन पर्याय ठेवलेत, रविवारी वेळ जाहीर झाली की त्यातला एक पुसायचा.

---

बसमार्ग४००

अंतराचा कॉलम करणार असाल तर नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर घेऊ नका, रस्त्याचं घ्या. ३८० आणि ४१० च्या मधल्या जोड्यांनाच सगळा फरक पडतो.